गिरीजचा जागतिक दर्जा

सर ऑपरेशनआधी हात धुवायला लागले की मागच्या वाडीतल्या केळींचं पाणी बंद व्हायचं. इस्पितळाच्या टाकीला आणि वाडीच्या पाटाला पंप एकच होता, आणि सरांचं हात धुणं चार देशांचं होतं. आधी ते इंग्लंडच्या पद्धतीने धुवायचे. बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत, इतक्या हलक्या हाताने, की ते हात दुसऱ्याच कोणाचे असावेत असं वाटायचं. मग जर्मनीच्या पद्धतीने, ब्रश घेऊन, भिंतीवरच्या घड्याळावर नजर ठेवून, एकेका नखाच्या खाली शिरून. मग रशियाच्या पद्धतीने, औषधी पाण्याच्या तसराळ्यात दोन्ही हात बुडवून, कोणी वारल्यासारखं गप्प उभं राहायचं. आणि शेवटी आपल्याकडची पद्धत, म्हणजे नळाखाली भराभर.

"शेवटची कशाला, सर? हात तर केव्हाच स्वच्छ झाले," मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"आपल्या देशाला वगळायचं?" सर दुखावल्या स्वरात म्हणाले.

तेवढ्यात वाडीतून सेसिलबायचा आवाज आला, "झाले का तुमचे देश धुवून? राजेळी केळीला पानी पायजे!"

सेसिलबाय सरांची बायको. माहेर नंदाखालचं. मुंबईच्या इस्पितळात नर्सिंग शिकून आलेली. कागदोपत्री इस्पितळ सरांचं होतं, पण ते चालवायची ती. पेशंट दाखल करायचे, भुलीची तयारी करायची, नातेवाइकांना ओरडायचं आणि उरलेल्या वेळात केळी, नारळ आणि सर, तिघांकडे बघायचं. सर गेले, आणि मागोमाग तीही गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. पण वसईजवळच्या गिरीजच्या रस्त्याने गेले की तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मी आचोळ्याची. आज तिथे इमारतीला इमारत लागलेली आहे, पण तेव्हा भातशेती होती आणि पलीकडे खाडीपर्यंत मिठागरं. वडील शाळामास्तर. मी डॉक्टर झाले याचं गावाला कौतुक होतं, पण मला सर्जन व्हायचं होतं, आणि ते कोणाला पटत नव्हतं. मुंबईत जिथे जाऊन विचारावं तिथे एकच उत्तर मिळायचं: मुलींनी बाळंतपणाकडे जावं, पोटं उघडण्याचं काम पुरुषांचं. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी कोणीतरी सांगितलं, की गिरीजला एक सर्जन आहेत, त्यांना हाताखाली माणूस हवं आहे, आणि मुलगी चालेल. "मुलगी चालेल, पण तीच टिकेल का हे सांगता येत नाही," असंही तो म्हणाला होता, ते मी मनावर घेतलं नाही.

नालासोपाऱ्याहून एस.टी.ने गिरीजला उतरले. केळीच्या वाडीत कौलारू घर, त्याच्या पुढच्या अंगाला इस्पितळ. पाटीवर सरांचं नाव, खाली एम.बी.बी.एस., आणि त्याच्या खाली ताज्या रंगात: 'शल्यविशारद (मान्यता विचाराधीन)'. बाकीची पाटी उन्हापावसाने फिकी झाली होती. ती कंसातली अक्षरं मात्र सर दरवर्षी नव्याने रंगवून घेत.

सर ओट्यावर होते. उंच, काळेसावळे, पंचावन्नच्या आसपासचे, आणि गिरीजच्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

"कुठल्या देशाच्या दर्जाची सर्जन व्हायचंय तुला?" त्यांनी विचारलं.

"वसईच्या," मी म्हणाले.

"वसईचा दर्जा अजून ठरायचा आहे. त्याचं काम चालू आहे." ते उठले. "उद्यापासून ये. आणि हे बघ, इथे तुला मी नावाने हाक मारणार नाही. परीक्षकाला उमेदवाराचं नाव माहीत नसावं असा नियम आहे."

त्या दिवसापासून मी उमेदवार झाले. "उमेदवार, टाके काढ." "उमेदवार, जेवलीस का?" माझं खरं नाव त्यांनी शेवटपर्यंत माहीत करून घेतलं नाही. एकदा माझे वडील मला भेटायला आले आणि त्यांनी नावाने माझी चौकशी केली, तेव्हा सरांनी त्यांना सांगितलं की या नावाचं इथे कोणी काम करत नाही.

सरांचं दुखणं काय होतं ते मला सेसिलबायकडून कळलं. मुंबईत डॉक्टर होऊन ते बोटीने इंग्लंडला गेले. तिथे सर्जरी शिकले, बरीच वर्षं राबले, आणि शेवटच्या परीक्षेआधी वरिष्ठांशी भांडले. कशावरून? तर गाठ उजव्या हाताने मारावी की डाव्या, यावरून. तिथून जर्मनीला गेले. जर्मनीने सांगितलं की इंग्लंडची वर्षं आम्ही धरत नाही, पहिल्यापासून शिका. ते पहिल्यापासून शिकले. मग कोणाच्या तरी ओळखीने रशियाला गेले. रशियाने इंग्लंडचीही धरली नाहीत आणि जर्मनीची तर मुळीच नाहीत. परत पहिल्यापासून. शेवटी केस पिकायला लागले तेव्हा मायदेशी आले, आणि इथल्या कचेरीतल्या साहेबाने सगळी प्रमाणपत्रं उलटीसुलटी बघून सांगितलं, की या सगळ्याचं इथे काही होत नाही, तुम्ही एम.बी.बी.एस. आहात.

"चार देशांत मिळून मी अपेंडिक्स काढायला चारदा शिकलो," सर म्हणायचे, "आणि चारही वेळा मला सांगितलं गेलं, की याला अपेंडिक्स म्हणतात."

दुसरा कोणी असता तर कडवट झाला असता किंवा दारूला लागला असता. सरांनी ठरवलं, की सगळ्या जगातल्या सर्जनांचं शिक्षण एकाच मापाचं करायचं, आणि त्याची सुरुवात गिरीजपासून करायची. आतडं कुठल्याच देशाचं नागरिक नसतं, हे त्यांचं आवडतं वाक्य. पेशंटला ते पाठ झालेलं असे. त्यासाठी त्यांनी एक मसुदा तयार केला होता. सर्जनला काय काय यायला हवं, ते किती दिवसांत यायला हवं, आणि ते आलं आहे हे कोणी ठरवायचं. तो मसुदा ते देशोदेशींच्या मोठ्या वैद्यकीय संस्थांना पाठवत. बहुतेकांची उत्तरं येत नसत. एका देशाने उत्तरादाखल भिंतीवरचं कॅलेंडर पाठवलं, डोंगराची चित्रं असलेलं. सरांनी ते ऑपरेशनच्या खोलीबाहेर टांगलं आणि सांगितलं की या देशाची तत्त्वतः संमती आहे. दुसऱ्या एका देशातून गाईंच्या कृत्रिम रेतनाची माहितीपुस्तिका आली. सेसिलबाय पोट धरून हसली. सर मात्र गंभीर होते. "पत्ता चुकला असेल," ते म्हणाले. "पण उत्तर द्यायची इच्छा दिसते."

हे सगळं ऐकून कोणाला वाटेल की सर नुसते चक्रम होते. तसं नव्हतं. हात सोन्यासारखा होता. त्यांच्या हातून बिघडलेला पेशंट मी पाहिला नाही. घोटाळा व्हायचा तो चाकू हातात घेण्याआधी.

आमच्या आचोळ्याच्या मिठागरातला दामू हर्निया घेऊन आला होता. मीच त्याला आणलं होतं. सर त्याच्या खाटेजवळ बसले आणि त्यांनी त्याला इंग्लंडमध्ये हर्निया कसा शिवतात ते समजावलं. मग जर्मनीत कसा, मग रशियात कसा. प्रत्येकाचे फायदेतोटे सांगितले. दामू आधी मान डोलवत होता, मग त्याची मान थांबली.

"आता तू सांग," सर म्हणाले. "निवड पेशंटची असायला हवी, असं माझ्या मसुद्यात आहे."

दामूने माझ्याकडे पाहिलं. "डाक्तरीनबाय," तो हळूच म्हणाला, "हे माजं आतडं कोनच्या देशात ठेवनार हायत?"

"इथेच ठेवणार आहेत, दामूदादा."

"नक्की? मंग तेवडं लिवून द्या."

सरांना त्याचा मुद्दा इतका पटला, की त्यांनी मसुद्यात त्या दिवशी कलम वाढवलं: शस्त्रक्रियेनंतर अवयव मूळ देशातच राहील. दामूचा हर्निया त्यांनी मग स्वतःच्याच पद्धतीने शिवला, जी या तिन्हींपैकी एकही नव्हती. महिन्याभरात तो मिठाच्या टोपल्या उचलत होता.

दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की माझी परीक्षा असे. ओट्यावर सर चार आसनं मांडत. वेताची आरामखुर्ची इंग्लंडची. सरळ पाठीची लाकडी खुर्ची जर्मनीची. स्वयंपाकघरातलं स्टूल रशियाचं. आणि झोपाळा आपला. मी समोर उभी. सर आधी आरामखुर्चीत बसत आणि अत्यंत अदबीने विचारत, "आपल्याला त्रास होणार नसेल, तर पित्ताशयाविषयी दोन शब्द ऐकायला आवडतील." मी बोलत असताना ते वाडीकडे बघत. मग उठून सरळ खुर्चीत बसले की आवाज बदले. पोटाच्या भिंतीचे थर, वरून खाली, नावासकट. आता खालून वर. आता डोळे मिटून. स्टुलावरचे परीक्षक फार बोलत नसत. "वीज गेली आहे. हाताखालचा माणूस बेशुद्ध पडला आहे. पुढे?" एवढंच विचारून माझ्याकडे बघत बसत. आपल्याकडचे परीक्षक उशिरा येत. म्हणजे सर आत जाऊन चहा पिऊन येत, झोपाळ्यावर टेकत, आणि विचारत, "वडील काय करतात? कोणाची ओळख आहे का?"

चौघांचं एकमत झालं तरच पास, आणि पास झाल्याशिवाय एकटीने ऑपरेशन करायचं नाही, हा नियम. मी मदतनीस म्हणून उभी राहायचे, टाके घालायचे, कधी अर्धं ऑपरेशनही करायचे, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीने कधीच नाही. कारण एकमत होतच नसे. इंग्लंडला आवडलेलं उत्तर जर्मनीला ढिसाळ वाटे. जर्मनीला आवडलेल्या उत्तरावर रशियाचे परीक्षक नुसतेच उसासा टाकत. एका रविवारी रक्तवाहिनी कशी बांधावी यावरून इंग्लंड आणि रशियाचं इतकं फाटलं, की सर आरामखुर्चीतून स्टुलावर आणि स्टुलावरून आरामखुर्चीत जाऊन जाऊन दमले. परीक्षा तहकूब झाली. दुपारी जेवताना सेसिलबायने त्यांच्यासाठी तेच स्टूल ओढलं, तर म्हणाले, "नको. आज त्या माणसाच्या जागेवर बसण्याची माझी इच्छा नाही."

तीन वर्षं मी अशी नापास होत होते. घरचे म्हणत, दवाखाना टाक. मैत्रिणी म्हणत, लग्न कर. मी रविवारी इस्त्री केलेली साडी नेसून नापास व्हायला गिरीजला जात होते.

एक खरा जर्मन परीक्षक यायचा योगही एकदा आला. मुंबईत कुठल्याशा वैद्यकीय सभेला आलेले एक वयस्क जर्मन सर्जन वसईचा किल्ला बघायला आले होते. सर त्या दिवशी योगायोगाने तिथेच होते. त्यांनी त्या गृहस्थांना बुरुजावर गाठलं, जर्मन भाषेत नमस्कार केला आणि टांग्यात घालून गिरीजला आणलं. सेसिलबायने शहाळं दिलं, सुकेळी दिली. सुकेळी म्हणजे आमच्याकडची उन्हात वाळवलेली केळी, मऊ आणि मधासारखी गोड. पाहुणे खूष झाले. मग सरांनी त्यांना सरळ पाठीच्या खुर्चीत बसवलं आणि मला समोर उभं केलं.

"विचारा," सर म्हणाले. "पोटाच्या भिंतीचे थर."

पाहुणे हसले. ते इंग्रजीत म्हणाले, की आता आम्ही हे असं विचारत नाही. तरुणांना एवढं पाठ करायला लावण्यात अर्थ नाही. आता आमच्याकडे सगळं बदललं आहे.

सरांचा चेहरा पडला. "खालून वर तरी?"

"तेही नाही."

"मग तुम्हीच सांगा," सर म्हणाले आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

पाहुण्यांना आधी ही थट्टा वाटली. मग त्यांनी खरंच सांगायला सुरुवात केली, आणि अर्ध्यावर एक थर विसरले. सरांनी वाट पाहिली. पाहुणे कपाळ चोळत राहिले. शेवटी सरांनी त्यांच्याशी हस्तांदोलन केलं, सुकेळीचा पुडा बरोबर दिला, टांग्यापर्यंत सोडलं आणि परत येऊन ओट्यावर बसले.

"काय झालं?" सेसिलबायने विचारलं.

"नापास," सर म्हणाले. "जर्मनीत जर्मन दर्जा राहिला नाही. आता तो फक्त गिरीजला आहे." आणि ते खरोखरच हादरलेले होते. घरातली मोठी माणसं गेल्यावर सगळा भार एकट्यावर पडावा, तसे ते काही दिवस वागत होते.

त्यानंतरच्या डिसेंबरातली गोष्ट. रविवार होता. सर आरामखुर्चीतून सरळ खुर्चीत आले, तिथून स्टुलावर बसले, आणि जरा पुढे वाकून बसले. नेहमीच्या त्या कमी बोलणाऱ्या आवाजात म्हणाले, "अठ्ठावन्न वर्षांचा पुरुष. काल संध्याकाळपासून बेंबीभोवती दुखतंय. पहाटे एक उलटी. आता दुखणं उजवीकडे खाली आलंय. पुढे?"

"ताप?" मी विचारलं.

"थोडा."

"हात लावल्यावर?"

"दुखतं. हात काढल्यावर जास्त."

"अपेंडिक्स," मी म्हणाले. "वाट बघायची नाही. ऑपरेशन."

"इंग्लंडचे परीक्षक म्हणतील, जरा थांबून बघू."

"म्हणू देत. मी थांबणार नाही."

"ठाम आहेस?"

"हो सर."

सरांच्या कपाळावर घाम होता. डिसेंबरात. ते तसेच वाकलेले होते, आणि उजवा हात पोटावर होता. मला एकदम काहीतरी लक्षात आलं. "सर, हा पेशंट कुठे आहे?"

"स्टुलावर," सर म्हणाले.

सेसिलबाय स्वयंपाकघरातून पीठभरल्या हातांनी धावत आली. तिने गाडी आणवते म्हणून सांगितलं, मुंबईला नेऊ या. सर ऐकेनात. "मुंबईतला सर्जन कुठल्या देशाचा शिकलेला असेल ते कोणी सांगावं?" चारही देशांच्या पद्धतीने अपेंडिक्स काढू शकणारी जगात दोनच माणसं होती, असा त्यांचा दावा होता. पैकी एक आजारी होतं. त्यातही आधी त्यांनी स्वतःच ऑपरेशन करण्याची तयारी दाखवली. भिंतीवरचा आरसा काढून आणा, म्हणाले. सेसिलबायने आरसा काढला आणि शेजाऱ्यांकडे ठेवून आली.

"बाय," ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुला जमेल का, खरं सांग. नाय जमणार तर मी ह्यांना बांधून मुंबईला नेते."

मला रडू येत होतं. "जमेल," मी म्हणाले.

"पण मी पास नाही झाले, सर," मी त्यांना म्हणाले. "नियम आहे."

सरांनी विचार केला. दुखणं वाढत होतं तरी त्यांनी नीट विचार केला. "प्रात्यक्षिक परीक्षा समज," ते म्हणाले.

कण्यात भुलीचं इंजेक्शन मीच दिलं. कमरेखालचं सगळं बधिर, पण माणूस जागा. सरांच्या छातीवर हिरवा पडदा बांधला. पडद्याच्या अलीकडे मी आणि सेसिलबाय, पलीकडे सरांचं तोंड. हात धुताना मी चारही देशांचे धुवावेत असा त्यांचा आग्रह होता. सेसिलबायने पडद्यावरून त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली, की पुढे ते त्या विषयावर बोलले नाहीत.

"चीर कुठे घेतेस?" पडद्यामागून आवाज.

मी सांगितलं.

"हरकत नसावी," इंग्लंडचा आवाज म्हणाला.

"थर म्हणत म्हणत जा!" लगेच जर्मनीचा.

मी थर म्हणत म्हणत गेले. आवाज स्वतःचाच मला परका वाटत होता. आत पोचले, बोट घातलं, आणि अपेंडिक्स जागेवर नव्हतं. पुन्हा शोधलं. नव्हतं.

"सापडलं?" सर.

"नाही."

"ओढल्यासारखं वाटतंय. काय ओढतेस? डावीकडे कशाला गेलीस? इंग्लंडमध्ये अशा वेळी..." मग दुसरा आवाज, "चीर लहान झाली, मी सांगितलं होतं!" मग तिसरा, "वीज गेली तर काय करशील?" आणि चौथा चक्क विचारत होता, "वरिष्ठांना विचारलंस का?"

"सर, गप्प बसा!" मी ओरडले.

सेसिलबायच्या हातातला चिमटा हवेत राहिला. त्या माणसाला गप्प बसा म्हणणारं तिच्याखेरीज कोणी तिने पाहिलं नव्हतं.

पडद्यामागून अगदी हळू आवाजात विचारणा झाली. "नेमकं कोणाला सांगते आहेस?"

"चौघांनाही."

त्यानंतर कोणी बोललं नाही. मी डोळे मिटून घेतले, क्षणभरच. मग मोठ्या आतड्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या शोधल्या आणि त्या धरून खाली खाली गेले. त्या जिथे एकत्र येतात तिथेच अपेंडिक्सचं मूळ असतं, माणूस कुठलाही असो. तिथेच होतं ते. वर येण्याऐवजी आतड्याच्या पाठीमागे वळून दडलं होतं. सुजलेलं, काळपट, अजून काही तासांत फुटलं असतं. मी ते सोडवलं, बांधलं, कापलं आणि सेसिलबायच्या हातातल्या वाटीत ठेवलं. तिने ती वाटी पडद्यावरून पलीकडे नेली.

सरांनी बराच वेळ पाहिलं. "छान आहे," ते म्हणाले. मग त्यांना झोप लागली. सेसिलबाय कोपऱ्यात जाऊन, तोंड भिंतीकडे करून रडली. मग डोळे पुसून मला म्हणाली, "टाके नीट घाल. जन्मभर मला बघायचे हायत."

निकाल चार दिवसांनी लागला, सर उठून बसायला लागल्यावर. इंग्लंड पास. रशिया पास, शिवाय उसासा नाही. आपले परीक्षक पास, वडील काय करतात हे न विचारता. जर्मनी नापास.

"का?" मी विचारलं.

"परीक्षकाशी उद्धट वर्तन," सर म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "मी त्यांना खूप समजावलं. ते ऐकायला तयार नाहीत."

मला राग आला नाही. त्या दिवसानंतर मला त्या निकालाची गरजच उरली नव्हती. मी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात शल्यचिकित्सा शिकण्याच्या जागेसाठी अर्ज केला, आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. सर म्हणाले, मी बरोबर येतो. ते परदेशातला जाड लोकरीचा सूट घालून आले. दादरपर्यंत त्यांचा सदरा आतून भिजून गेला होता.

मुलाखत घ्यायला तिघं होते. मधले अध्यक्ष म्हणजे एक वयस्क, नावाजलेले सर्जन.

"सर्जरीचा आधीचा अनुभव?"

"आहे सर. गिरीजचा."

"गिरीज? कुठल्या देशात आलं हे?"

"वसईजवळ, सर."

"शिकवणाऱ्यांची मान्यता?"

"विचाराधीन आहे."

"कोणाच्या विचाराधीन?"

बाकीचे दोघं हसले. अध्यक्ष म्हणाले, बघू, कळवू. ते कसं म्हणाले त्यावरून मला कळलं. मी बाहेर आले आणि बाकावर बसलेल्या सरांना झालं ते सांगितलं. सर उठले. मी अडवायच्या आत ते दार ढकलून आत गेले होते.

मी मागोमाग धावले. आत सर टेबलासमोर उभे होते आणि सदरा विजारीतून बाहेर ओढत होते. एक परीक्षक ओरडला, "अहो, काय करताय?" सरांनी पोट उघडं केलं आणि उजव्या बाजूचा व्रण दाखवला. "हे हिचं काम," ते म्हणाले. "लपलेलं अपेंडिक्स होतं. मी स्वतः हजर होतो."

शिपायाला बोलवायला एक जण उठला. अध्यक्षांनी त्याला हाताने थांबवलं. चष्मा लावला, टेबलाला वळसा घालून आले, वाकून बघितलं. बोटाने दाबलं. "खोकला बघू," म्हणाले. सर खोकले. अध्यक्षांनी पुन्हा दाबलं. मग ते सरळ झाले, जरा घुटमळले, आणि त्यांनी स्वतःचा कोट बाजूला करून सदरा वर केला. त्यांच्या पोटावर एक लांबलचक, ओबडधोबड, मधेच फुगलेला व्रण होता.

"हे परदेशातलं," अध्यक्ष म्हणाले. "फार मोठ्या माणसाने केलेलं."

सर वाकले. त्यांनी तितक्याच काळजीने तो व्रण तपासला. खोकायला लावलं. दोन वयस्क माणसं पोटं उघडी टाकून एकमेकांसमोर उभी होती, आणि मी भिंतीला पाठ लावून जमीन दुभंगायची वाट बघत होते.

"हिचा चांगला आहे," सर शेवटी म्हणाले.

"हो," अध्यक्ष म्हणाले. "हिचा चांगला आहे."

मला जागा मिळाली. पण पहिल्या वर्षापासून. गिरीजची वर्षं कुठेच धरता येत नाहीत, असं कचेरीतल्या कारकुनाने सांगितलं. हे सरांना सांगायला माझी जीभ उचलेना. फाटकापाशी येऊन सांगून टाकलं. वाटलं, ते परत आत जातील, भांडतील, किंवा खचतील. सर लोकरीच्या सुटात रस्त्याच्या कडेला उभे राहिले. एक बस गेली, दुसरी गेली.

"धरली नाहीत?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"नाही सर."

"एकही?"

"एकही नाही."

त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि चारचौघांत जोरजोरात हलवला. "माझी तरी कुठे धरली!" ते म्हणाले. आणि घरी पोचेपर्यंत, टांग्यातसुद्धा, ते मधूनच माझ्याकडे बघून हसत होते.

पुढच्या महिन्यात मी मुंबईला राहायला गेले. माझं नाव त्या अध्यक्षांच्या लक्षात राहिलं नव्हतं, गाव राहिलं होतं. इस्पितळात मला सगळे गिरीजच म्हणायला लागले, आणि ते पुढे कायमच राहिलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ऑपरेशनच्या टेबलापाशी, नवीन आलेल्या मुलांमध्ये सगळ्यात मागे उभं केलं. चीर घेतली, आत हात घातला, एक करंगळीएवढी वस्तू वर काढली आणि मान वळवून मला शोधलं.

"गिरीज, पुढे ये," ते म्हणाले. "नीट बघ. याला अपेंडिक्स म्हणतात."

"हो सर," मी म्हणाले आणि पुढे झाले.